लाल शाईने खोडलेली दुनळी

डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायदा दुरुस्त झाला आणि एका माणसाच्या परवान्यावर तीनऐवजी दोनच बंदुका राहतील असं ठरलं. तीनची मर्यादा १९८३ पासूनची होती आणि आमच्या परवान्यावर नेमकी तीनच हत्यारं होती. एक आजोबांची इंग्लिश दुनळी, एक दादांनी, म्हणजे वडिलांनी, घेतलेली सरकारी कारखान्याची बारा बोर, आणि मी ठेकेदारीच्या दिवसांत हौसेनं घेतलेलं पॉइंट बत्तीसचं कानपुरी रिव्हॉल्व्हर. तिसरं हत्यार १३ डिसेंबर २०२० च्या आत पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं होतं. वारशानं आलेल्या हत्याराला सूट असेल असं मला उगीचच वाटत होतं, पण कायद्यात स्पष्ट लिहिलंय की वारसाहक्कानं परवाना घेतला तरी आकडा दोनच.

तीनातलं कुठलं द्यायचं, यावर मी फार विचार केला नाही. दुनळी सगळ्यांत म्हातारी. तिच्या नळ्या बिजागरीत हलायला लागल्या होत्या, उजव्या नळीला बाहेरून पोचा होता, आणि दस्ता मनगटापाशी, म्हणजे मुठीत धरायच्या बारीक भागाशी, एकदा तडकल्यामुळे आजोबांनी गावातल्या तांबटाकडून त्यावर पितळेची पट्टी ठोकून घेतली होती. शिवाय तिला काडतुसं शोधावी लागायची. उलट सरकारी दुनळी धडधाकट, आणि रिव्हॉल्व्हर तर नवंच. दादांना विचारलं तर म्हणाले, "परवाना तुझा, हत्यार तुझं. मला कशाला इचारतोस?" हे त्यांचं 'नाही' होतं, पण मला तेव्हा सोयीचा अर्थ हवा होता.

परवाना माझ्या नावावर कसा, तर दादांनी सत्तरी ओलांडल्यावर हयातीतच तो माझ्याकडे दिला होता. २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा हत्यार बाळगून पंचवीस वर्षं झाली, की वारसाला अर्ज करता येतो. बाप मरायची वाट बघावी लागत नाही.

२०२० चं वर्ष कसं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कचेऱ्या आज उघड्या तर उद्या बंद, आणि ज्याच्या-ज्याच्या परवान्यावर तीन हत्यारं होती तो एकाच वेळी तिसरं विकायला निघालेला. दुकानात गेलो तर शेठच्या मागच्या रॅकमध्ये बंदुका उभ्या करायला जागा नव्हती. भाव अर्थातच पडलेला. एरवी परदेशी बंदुकीला आपल्याकडे मान असतो, कारण ऐंशीच्या दशकापासून सामान्य परवानाधारकाला बाहेरून बंदूक मागवता येत नाही आणि देशात जेवढ्या जुन्या आहेत तेवढ्याच फिरत राहतात. पण त्या हिवाळ्यात शेठनं नळ्या हलवून दाखवल्या, पोच्यावरून बोट फिरवलं आणि १२,००० रुपये सांगितले. मी घेतले. परवान्याच्या पुस्तकातल्या तिच्या ओळीवर लाल शाईची रेघ आली, बाजूला 'विक्री' असं लिहून शिक्का बसला.

आता ती बंदूक कोण होती हे सांगायला हवं.

आमचं गाव राधानगरी अभयारण्याच्या कडेला. दाजीपूरचं जंगल पूर्वी कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं राखीव रान होतं. ते १९५८ मध्ये अभयारण्य झालं. आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, संस्थानच्या काळात हाकाऱ्याला माणसं गोळा करून द्यायचे. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्यानंतर कुणा अधिकाऱ्यानं सामानसुमान आवरताना काढलेली ही बंदूक आबांनी घेतली. पैसे कुठून आणले यावर घरात दोन मतं आहेत आणि दोन्हींत आजीच्या पुतळ्या येतात.

डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर, बर्मिंगहॅम. बारा बोर, बिनघोड्याची, म्हणजे घोडे आत लपलेले. या कारखान्याच्या दुनळीची एक खोड आहे. बाकी बहुतेकांची सेफ्टी, म्हणजे चुकून बार होऊ नये म्हणूनची कळ, वर, अंगठ्याखाली असते. ग्रीनरची डाव्या बाजूला, दस्त्याच्या अंगात बसवलेली. हाताला सवय नसलेला माणूस ती शोधत राहतो. नळ्या बंद झाल्या की वरच्या बाजूनं एक आडवी गोल खीळ जाऊन बसते आणि बंदूक धरून ठेवते. ही ग्रीनरचीच युक्ती, पुढे कितीतरी कारखान्यांनी उचलली. नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर बर्मिंगहॅमच्या तपासणीचे शिक्के, मुकुट आणि त्याखाली अक्षरं, शेजारी काडतुसाच्या घराची लांबी अडीच इंच. लहानपणी मला हे शिक्के म्हणजे बंदुकीची गोंदणं वाटायचे.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीवर बंधनं आली. त्यानंतर बंदूक फक्त राखणीला निघायची. भात पोटरीला आलं की आबा माळ्यावर झोपायचे, दुनळी उशाशी. डुकरं आली की आरडाओरडा, डबे, टेंभे. अगदीच झालं तर बार. गव्यावर त्यांनी कधी बंदूक रोखली नाही. "त्यो राजाचा पाव्हणा," म्हणायचे. गवा आज उसात शिरला की काय करून जातो हे आमच्याकडच्या शेतकऱ्याला विचारा, पण त्याला हात लावायचा प्रश्नच नाही आणि डुकरासाठीसुद्धा वनखात्याची लेखी परवानगी लागते. घरच्या लग्नात मात्र आबा दारात दोन बार काढायचे. आता २०१९ च्या त्याच दुरुस्तीनं आनंदाच्या भरात बार काढणं हा गुन्हा केलाय, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मला तो बदल पटतो. वरातीत वर झाडलेली गोळी खाली कुणाच्या तरी अंगणातच पडते.

विकली त्याच्या पुढच्या वर्षी खंडेनवमीला पाटावर हत्यारं मांडली. कोयता, विळे, आबांची तलवार, सरकारी दुनळी, रिव्हॉल्व्हर. दादांनी झेंडूच्या माळा आणल्या त्यात एक जास्त होती. ती त्यांनी काही न बोलता ट्रॅक्टरला घातली. मला काय ते कळलं. पण कळून उपयोग नव्हता. बंदूक म्हणजे म्हैस नव्हे की बाजारात जाऊन चौकशी करावी. दुकानदारानं ती कुणाला विकली हे त्यानं मला सांगायचं कारण नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

मार्च २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली आणि हत्यारं जमा करायची नोटीस आली. ही आमची नेहमीची कवायत. पोलीस ठाण्यात ठेवा नाहीतर परवानाधारक दुकानात ठेवून पावती दाखवा. मी दुकानात ठेवतो. पैसे पडतात, पण तेल लावून कापडात गुंडाळून ठेवतात आणि पावसाळी ओलीचा त्रास नाही.

"या सरकार," शेठ म्हणाले, वही पुढे सरकवली. सही करता करता नजर मागच्या रॅककडे गेली. तिथे एक दुनळी तिरकी उभी होती, दस्त्याची डावी बाजू माझ्याकडे. सेफ्टी तिथे होती.

ग्रीनर आपल्याकडे बऱ्याच आहेत, तेव्हा लगेच काही वाटलं नाही. शिवाय ही चकचकीत होती. नळ्यांवर नवा निळा-काळा रंग, दस्त्याला तेलपॉलिश, पितळेची पट्टी नाहीच. पण सहज म्हणून हातात घेतली, मोडून, म्हणजे बिजागरीत नळ्या खाली वाकवून, बघितली. नळ्या हलत नव्हत्या, पोचा नव्हता. मग पुढचं लाकूड उतरवलं. आतल्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही, तिथे खिळ्यानं कोरलेली तीन अक्षरं होती. आबांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. लिहायला त्यांना तेवढंच यायचं.

शेठनं मागच्या वर्षांची वही काढली. आमचे नंबर जुळले. २०२० मध्ये माझी सही, त्याखाली थोड्या दिवसांनी पुढच्या गिऱ्हाईकाची. ते गृहस्थ निवृत्त होते, बंदुकांचे दर्दी. त्यांनी पदरचे पैसे घालून मिस्त्रीकडून सगळं करून घेतलं होतं. आतून दांडा घालून पोचा काढला, बिजागरीचा खटका भरून घेतला, तडकलेला दस्ता आतून चिकटवून बारीक पिन मारली आणि पट्टी काढून टाकली. मग ते वारले. मुलगा बाहेरगावी नोकरीला, त्याला परवाना नको होता. वडिलांच्या मागे हत्यार घरात ठेवता येत नाही म्हणून त्यानं ते दुकानात जमा केलं आणि विकायची परवानगीही घेतली. असं जमा केलेलं हत्यार कायद्यानं ठरवलेल्या मुदतीत मार्गी लागलं नाही, तर सरकारजमा होतं.

"किती?" मी विचारलं.

शेठ हसले. "तुम्ही विचारताय म्हणून सत्तर. सांगलीचे एक डॉक्टर बघून गेलेत."

बारा हजाराला दिलेली वस्तू सत्तर हजाराला. मला राग यायला हवा होता, पण हिशेब चुकीचा नव्हता. दुरुस्तीला त्या गृहस्थांनी बराच खर्च केला होता, आणि २०२० मधला भाव हा भाव नव्हताच. मी घासाघीस केली ती दुकानदाराला वाईट वाटू नये म्हणून. ६५,००० वर आलो. पण पैसे हा या कामातला सगळ्यांत सोपा भाग निघाला.

कारण माझ्या परवान्यावर दोन हत्यारं होती आणि तिसऱ्याला जागा नव्हती. त्यातून आचारसंहिता. निकाल लागून ती उठेपर्यंत कचेरीत शस्त्राच्या अर्जाला कुणी हात लावणार नव्हतं. शेठ म्हणाले, "मी डॉक्टरांना थांबवतो, पण पावसाळ्याच्या पुढे नाही थांबवणार. दिवाळीला विधानसभा आहे, परत सगळं बंद."

घरी येऊन दादांना सांगितलं नाही. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग माझ्या नावानं परवाना काढा की. सरळ आहे." सरळ नव्हतं. वन्यजीव कायद्याच्या चौतिसाव्या कलमाप्रमाणे अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत कुणाला नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते, आणि आमचं घर त्या दहात बसतं. अर्ज करता आला असता. पण गिऱ्हाईक दारात उभं असताना ती वाट लांबची होती.

दुसरी वाट एका मित्रानं सुचवली, की बंदूक निकामी करून घे आणि भिंतीवर लाव. नियमांत तशी तरतूद आहे. नळ्या बुजवायच्या, आतली यंत्रणा मोडायची, मग ती बंदूक उरत नाही. हे मी दादांच्या घरात करणं शक्य नव्हतं. कुणी मला म्हातारपणी असं निकामी करून भिंतीला टांगलेलं मलाही आवडणार नाही.

म्हणजे दोनांतलं एक जायला हवं होतं. दादांची दुनळी की माझं रिव्हॉल्व्हर.

रिव्हॉल्व्हरबद्दल खरं सांगायचं तर ते मी घेतलं तेव्हा ठेकेदारीत पैसा खेळत होता आणि आमच्या तालुक्यात कमरेला रिव्हॉल्व्हर असणं म्हणजे पांढऱ्या गाडीसारखी गोष्ट होती. अर्जात 'जीवितास धोका' लिहिलं होतं. धोका होता तो एवढाच, की कामगारांचा पगार घेऊन रात्री येताना रस्ता सुनसान असायचा. पुढे पगार बँकेतून जायला लागले. रिव्हॉल्व्हर कपाटात गेलं. वर्षातून दोनदा तेल, पाच वर्षांनी नूतनीकरण, निवडणुकीला जमा. एवढंच त्याचं आयुष्य. पण ते सोडायचं म्हटल्यावर मला आठवडाभर झोप नीट आली नाही हेही खरं. ते गेल्यावर परत मिळणार नाही, परवान्यावरची रिव्हॉल्व्हरची नोंद एकदा गेली की पुन्हा मागायला कारण द्यावं लागतं, आणि कारण माझ्याकडे नव्हतं. ज्याला कारण नाही ते कशाला हवं, इतका साधा विचार करायला मला तेवढे दिवस लागले.

६ जूनला आचारसंहिता उठली. त्याच आठवड्यात मी कलेक्टर कचेरीच्या गृह शाखेत गेलो. तिथल्या एका बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्याच वाक्यात माझी मोठी भीती काढून टाकली. मला वाटत होतं आधी रिव्हॉल्व्हर विकायचं, ते परवान्यातून कमी करून घ्यायचं, मग नव्यानं दुनळीसाठी अर्ज करायचा. आणि मधेच कुणी नाही म्हटलं तर हेही गेलं आणि तेही. त्या म्हणाल्या, "दोन अर्ज करूच नका. एकाच अर्जात हत्यार बदलून मागा. हे कमी करून त्या जागी हे, दोन्हीचे नंबर लिहा, दुकानदाराचं पत्र जोडा."

अर्जात कारणाचा रकाना होता. मी लिहिलं, 'आजोबांची बंदूक असल्याने'. त्यांनी वाचलं आणि पेन माझ्या हातात परत दिलं. "साहेब, हे आमच्या मनाला पटतं, फायलीला पटत नाही. शेती आहे ना? डुकरं येतात ना? ते लिहा." मी शेती संरक्षण लिहिलं आणि ते खोटं नव्हतं. सोबत सातबारा, आधार, मूळ परवाना, दोन्ही हत्यारांचे तपशील. आमच्या हत्यारांची नोंद शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय डेटाबेसमध्ये आहे, परवान्याला त्यातला स्वतंत्र ओळख क्रमांक असतो, त्यामुळे नुसतं पुस्तकात खोडून चालत नाही, संगणकातही तेच दिसायला हवं. तिथे गंमत अशी झाली की २०२० मध्ये माझ्या नावावरून कमी झालेली दुनळी संगणकात त्या गृहस्थांच्या नावावर गेलेली दिसत होती, आणि आता विक्रेत्याकडे. पंचाहत्तर वर्षांत पहिल्यांदाच आबांच्या बंदुकीचा प्रवास कुठेतरी सलग लिहिलेला होता.

मग एक कागद अडला. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत ज्यांच्याकडे शस्त्र परवाना आहे त्यांनी वनखात्याकडे नोंदणी करायची असते, त्याच चौतिसाव्या कलमाखाली. तो दाखला मागितला. माझ्या फायलीत तो नव्हता. दादांना विचारणं भाग होतं, आणि विचारायचं म्हणजे सगळं सांगणं आलं.

सांगितलं. ते जेवत होते. ऐकून घेतलं, ताट बाजूला सारलं आणि आतल्या खोलीतली पत्र्याची ट्रंक ओढली. त्यात काय काय होतं! बारा बोरचे दोन गज, पितळेचं ब्रश, लाल रंगाच्या रिकाम्या पुंगळ्या, सोसायटीचे शेअर दाखले, आणि एका प्लॅस्टिकच्या पिशवीत वनखात्याच्या नोंदणीचा पिवळा पडलेला कागद. दादांच्या नावाचा, पण त्यावर हत्याराचा तपशील लिहिलेला, ग्रीनर, दुनळी, नंबर. मी विकताना हा कागद मला ठाऊकच नव्हता. दादा म्हणाले, "तू हत्यार इकलंस. कागुद थोडाच इकला व्हतास?" एवढंच. पुन्हा बसून राहिलेला भात संपवला.

वनखात्यात तो कागद दाखवून माझ्या नावाचा घेतला. पोलीस ठाण्याचा अहवाल गेला, त्यासाठी बीटचे हवालदार घरी येऊन लोखंडी कपाट बघून गेले. त्यांचा एकच प्रश्न होता, "रिव्हॉल्व्हर देऊन दुनळी कोण घेतं?" त्यांनी अशा बदल्या उलट्या दिशेनं झालेल्याच पाहिल्या होत्या. चहा घेतला, शेरा चांगला दिला.

श्रावण गेला. फाईल वर गेली की खाली आली कळत नव्हतं. गणपतीत शेठचा फोन आला, डॉक्टर परत विचारत होते. मी आगाऊ रक्कम पाठवली. ती कायद्यानं काहीच नव्हती. माझ्या परवान्यावर नोंद होईपर्यंत शेठ मला बंदूक देऊ शकत नव्हते, फक्त बघता येत होती. मग मी शहरात काही काम निघालं की दुकानात जाऊन बघून यायचो. माझ्या वयाच्या माणसानं असं करू नये.

मंजुरी आली तेव्हा घटस्थापना होऊन गेली होती. दुकानात रिव्हॉल्व्हर शेठच्या वहीत गेलं. कानपुरी रिव्हॉल्व्हरला मागणी असते, नवं घ्यायचं तर वाट बघावी लागते, त्यामुळे त्याचा भाव दुनळीपेक्षा जास्त आला आणि मला देण्याऐवजी घेणंच निघालं. हे मी बायकोला दोनदा सांगितलं. परवान्याच्या पुस्तकात लाल रेघ मारलेल्या त्या जुन्या ओळीच्या खाली, मधे एक पान सोडून, तोच नंबर निळ्या शाईनं पुन्हा लिहिला गेला. कारकुनानं विचारलं, "हा नंबर वर खोडलाय, चुकून तर नाही लिहिला?"

कव्हरमध्ये घालून, मोडून, परवाना खिशात ठेवून घरी आणली. खंडेनवमी हुकली नाही. पण ज्याची मला धास्ती होती तेच झालं. दादांनी ती उजेडात धरली, फिरवली, दस्त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "ही आपली न्हाई."

मी लाकूड उतरवून आतली अक्षरं दाखवली. ती त्यांनी वाचली, मान हलवली. मग अंगठा दस्त्याच्या मनगटाशी नेला, जिथे पट्टी होती. "हितं पितळ व्हतं. आबाच्या हाताला लागायचं थंडीत, त्यावर शिव्या घालायचा. ते काढलं कशापाय?" मी सांगितलं की तडा आतून भरलाय, पट्टीची गरज राहिली नाही, उलट पट्टीच्या खिळ्यांनीच लाकूड फाटत होतं. मिस्त्रीनं मला तसंच सांगितलं होतं आणि ते बरोबर आहे. दादांना ते बरोबर असण्याशी काही देणंघेणं नव्हतं.

त्या दिवशी पाटावर ती मांडली, माळ घातली. पाया पडताना दादांनी सरकारी दुनळीला आधी हात लावला.

आता तांत्रिक गोष्टी. बंदूक उत्तम झालीय, हे कबूल करायला हवं. नळ्या बंद होताना जो आवाज येतो तो मी लहानपणीही ऐकला नव्हता. तेव्हा ती खडखडायची, आता कपाटाचं भक्कम दार लागावं तशी लागते. दोन्ही चाप ओढायला लागणारा जोर मिस्त्रीनं सारखा करून दिलाय. पण मी अजून एकही बार काढलेला नाही, आणि कारण काडतुसाचं आहे. तिचं घर अडीच इंची, म्हणजे पासष्ट मिलिमीटरच्या काडतुसाचं. सत्तर मिलिमीटरचं काडतूस तिच्यात बसतं, हाच धोका आहे. बार झाल्यावर त्याचं दुमडलेलं तोंड उघडून नळीच्या अरुंद भागात शिरतं आणि दाब वाढतो. नव्या बंदुकीला काही होत नाही, नव्वदीच्या या बाईला होऊ शकतं. दुकानात सध्या सत्तरचीच पेटी आहे. खडकीच्या कारखान्याचं शक्तिमान पासष्टमध्ये आलं की ठेवतो, असं शेठ म्हणालेत. ज्यांच्याकडे अशा जुन्या इंग्लिश दुनळ्या आहेत त्यांनी नळीखालचा आकडा एकदा वाचून घ्यावा. फार जणांना तो तिथे असतो हेच माहीत नसतं.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. नोटीस आली. दोन्ही दुनळ्या कव्हरात घालून मी परत दुकानात निघालो, तर दादा म्हणाले, मीही येतो. वाटेत बोलले नाहीत. दुकानात शेठनं वही पुढे केली, मी सही केली, आणि दादांनी शेठला विचारलं, "मिस्त्री कुठं बसतो तुमचा?"

"का हो?"

"पट्टी बशिवतो का इचारायचं हाय."

शेठनं माझ्याकडे बघितलं. मी मिस्त्रीचा पत्ता सांगू नका अशी खूण केली, त्यांनी सांगितला. हत्यार जमा असताना त्यावर काम करता येत नाही, म्हणून निकाल लागेपर्यंत मला वेळ मिळाला. तेवढ्यात दादांनी कोल्हापुरात एक तांबट शोधून ठेवलाय आणि पट्टीचं मापही त्यांच्याकडे आहे, आबांच्या हयातीत कागदावर काढून ठेवलेलं, त्याच ट्रंकेतलं. मिस्त्री म्हणतो खिळे मारू नका, हवी तर वरून चिकटवून देतो. दादा म्हणतात चिकटवलेली पट्टी ही पट्टीच न्हवं. सध्या बोलणी तिथे अडलेली आहेत.